स्लिपमधल्या लिफ्टवर बंदी नको, नियम हवेत : मरिना समितीला खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि सदस्य,
मरिना व्यवस्थापन समिती,

स. न. वि. वि.

फाटकाजवळच्या फलकावर तुम्ही लावलेली सूचना मी तीनदा वाचली. पहिल्यांदा बोटीकडे जायच्या घाईत, दुसऱ्यांदा चष्मा लावून, आणि तिसऱ्यांदा घरी, मोबाइलमधल्या फोटोवरून बायकोला मोठ्याने वाचून दाखवताना. मजकूर साडेचार ओळींचा आहे. पुढचा हंगाम सुरू होण्याआधी स्लिपमधल्या (स्लिप म्हणजे धक्क्याला लागून एकेका बोटीला दिलेली जागा) सगळ्या बोट-लिफ्ट, म्हणजे बोट पाण्याबाहेर उचलून धरणाऱ्या चौकटी, काढून न्याव्यात, बोटी फक्त पाण्यात दोरांनी बांधून ठेवाव्यात, लिफ्ट न काढल्यास स्लिपचा करार पुढे चालू राहणार नाही. कारणं तीन दिली आहेत : विजेचा धोका, धक्क्यावर येणारा भार आणि मरिनाचं ‘एकसारखं रूप’. खाली सही कुणाचीच नाही, नुसता शिक्का.

याआधी दोन पत्रं तुमच्या कार्यालयात हातोहात दिली. पोचपावती मिळाली, त्यापुढे काही नाही. म्हणून हे तिसरं सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. प्रश्न माझ्या एकट्याच्या स्लिपचा नाहीच. परवा मोजलं, आमच्या एका रांगेत अकरा लिफ्ट आहेत आणि त्यांतल्या आठांवर पाँटून बोटी उभ्या आहेत.

पाँटून म्हणजे काय हे समितीला सांगायला नको, पण हे पत्र वाचणाऱ्या काहींना लागेल. ॲल्युमिनियमच्या दोन, कधी तीन, लांब बंद नळ्या. त्यांच्यावर आडव्या पट्ट्या, पट्ट्यांवर सपाट डेक, भोवती कठडा, बसायला बाकं आणि मागे आउटबोर्ड इंजिन. १९५२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात अँब्रोझ वीरेस नावाच्या शेतकऱ्याने पोलादी पिंपं एकाला एक जोडून दोन रांगा केल्या, वर लाकडी फळ्या ठोकल्या आणि ते तळ्यात लोटलं. आजच्या पाँटून बोटींचा वंश तिथून धरतात. तराफाच हा, फक्त चार बुकं शिकलेला. वेगाची हौस असलेले लोक आमच्या बोटींना हसतात, हसू देत. म्हातारी माणसं, लहान पोरं, खुर्चीवर बसल्याशिवाय चैन न पडणारे पाहुणे, सगळे एकदम मावतात अशी बोट दुसरी नाही.

तर या बोटीचा सगळा जीव त्या नळ्यांमध्ये असतो. आणि नळीचा पत्रा केवढा जाड? साधारण दोन ते तीन मिलिमीटर. एवढा पत्रा पाणी आणि डेकवरची माणसं यांच्यामध्ये असतो.

माझी बोट पहिले तीन हंगाम, तुम्ही आता फर्मावताय तशीच होती. पाण्यात, चार दोरांना बांधलेली, बाजूंना घासण्यापासून वाचवणारे फेंडर लटकवलेले, बॅटरीचा चार्जर धक्क्यावरच्या वीजखांबाला कायमचा जोडलेला. तिसऱ्या हंगामाच्या शेवटी तिला ट्रेलरवर घेतलं तर ट्रेलर एका अंगाला बसला. आधी वाटलं टायर गेला. टायर ठणठणीत. मग उताराच्या तोंडाशी उकिडवा बसून खाली पाहिलं तर उजव्या नळीच्या पोटाशी, वेल्डच्या कडेला, एक थेंब जमत होता, सुटत होता, पुन्हा जमत होता. या नळ्यांना आत आडवे पडदे असतात. एक कप्पा भरला तरी बाकीचे बोट तरंगती ठेवतात, म्हणून ती बुडाली नव्हती, आणि म्हणूनच आम्हाला कळलंही नव्हतं. तो एक कप्पा रिकामा व्हायला दीड तासाच्या वर लागला. तेवढ्या वेळात मी ती नळी इंच इंच चाचपली. पाण्याच्या रेषेखाली टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे होते, पांढऱ्या भुकटीने भरलेले, शेकड्यांनी. भुकटी नखाने खरवडली की आत चकचकीत धातूचा खळगा. एका खळग्यात टाचणी घालून पाहिली. ती टेकली नाही, आतच गेली.

वेल्डरने नळी पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला तो माझ्या बोटीबद्दल नव्हताच. म्हणाला, “शेजारच्या बोटी काय काय जोडून ठेवतात खांबाला?”

तेव्हा मला ही विद्या आली, तीही फी भरून. दोन वेगवेगळे धातू एकाच पाण्यात बुडाले आणि वरून तारेने जोडले गेले की त्यांची बॅटरी बनते. दोघांतला जो रासायनिकदृष्ट्या जास्त उतावीळ, तो झिजतो, दुसरा वाचतो. ब्राँझ, तांबं, स्टेनलेस स्टील यांच्यासमोर ॲल्युमिनियम उतावीळ. आता वरची तार कोणती? तर किनाऱ्यावरून येणाऱ्या विजेची अर्थिंगची तार. माझा चार्जर आणि शेजारच्या बोटीचा चार्जर एकाच खांबाला लावले की तिचा पाण्यातला ब्राँझचा पंखा (प्रोपेलर) आणि माझ्या नळ्या त्या तारेने एकमेकांना बांधल्या गेल्या. म्हणजे तीन वर्षं माझी बोट शेजाऱ्याच्या पंख्यासाठी स्वतःचं अंग झिजवत होती. नळ्यांना लावलेले गुटके, जे आधी झिजून नळीला वाचवतात, तेही माझे चुकीचे निघाले. जस्ताचे होते. गोड्या पाण्यात जस्तावर थर चढतो आणि ते निवांत बसून राहतं. तिथे मॅग्नेशियम लागतं. ही चूक माझी होती, ती मी कबूल करतो. पण शेजारी काय काय जोडलेलं आहे हे पाहायचा अधिकारही मला नव्हता आणि रीतही माहीत नव्हती. ते काम मरिनाचं होतं.

नळीला ठिगळ मारून घेतलं, मॅग्नेशियमचे गुटके बसवले, चार्जरच्या अर्थिंगमध्ये गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (धातू झिजवणारा तो बारीक प्रवाह अडवणारं उपकरण) टाकला, आणि पुढच्या हंगामात लिफ्ट घेतली. जोडणीचा आराखडा त्या वेळच्या समितीला दिला होता. धक्क्याला कुठे, किती बोल्टांनी धरणार हे त्यात लिहिलं होतं. त्यावर मंजुरीची सही आहे. कागद माझ्याकडे आहे, तुमच्याकडेही असणार.

लिफ्ट म्हणजे काही क्रेन नव्हे. माझी तरंगती आहे. खाली उघड्या तोंडाच्या दोन मोठ्या टाक्या, त्यांच्यावर चौकट, चौकटीवर नळ्या टेकायला लांब पट्ट्या. ब्लोअर सुरू केला की टाक्यांमध्ये हवा शिरते, आतलं पाणी खालून बाहेर जातं आणि चौकट बोटीला घेऊन वर येते. हिशेब आर्किमिडीजचा आहे. एक लिटर पाणी हटवलं की एक किलो उचलण्याची ताकद मिळते. माझी बोट इंजिन, इंधन, बॅटरी, नांगर, दोर, लाइफजॅकेटं सगळं धरून साधारण तेराशे किलो भरते. म्हणजे चौकटीचं स्वतःचं वजन सोडून टाक्यांनी तेराशे लिटरच्या वर पाणी हटवायला हवं, आणि वर पुरेशी शिल्लक हवी. माझी लिफ्ट दोन हजार किलो उचलणारी आहे. खाली आणायचं तर झडप उघडायची. हवा फुसकारत बाहेर पडते, पाणी आत शिरतं, बोट हळूच पाण्यावर टेकते आणि पट्ट्या खाली निघून जातात. पाच-सात मिनिटांचा खेळ. माझी नातवंडं बोटीत बसण्यापेक्षा तो बुडबुड्यांचा फेस बघायला जास्त येतात.

लिफ्ट आल्यापासून सहा हंगाम झाले. नळ्या आजही हात फिरवला तर गुळगुळीत लागतात. गेल्या वर्षी वेल्डरलाच बोलावून दाखवल्या. त्याने नुसतं हूं केलं आणि निघून गेला. त्याच्याकडून याहून मोठं प्रमाणपत्र मिळत नाही.

आता तुमच्या कारणांकडे येतो. ‘एकसारखं रूप’ आधी उरकून घेतो, कारण त्यावर फार शाई घालवण्यात अर्थ नाही. बोटीच एकसारख्या नाहीत. निळ्या आहेत, लाल आहेत, एकीवर तर मालकाने मगरीचं तोंड रंगवलंय. लिफ्टने काय बिघडलं?

विजेचा मुद्दा मात्र गंभीर आहे आणि त्यावर मी तुमच्या बाजूने बोलणार आहे, शेवटचं वाक्य सोडून. गोड्या पाण्यात विजेची गळती झाली तर ती खाऱ्या पाण्यापेक्षा जास्त घातक. खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं, त्यामुळे प्रवाह माणसाच्या अंगाला वळसा घालून जातो. गोडं पाणी वाईट वाहक, आणि माणसाच्या शरीरात क्षार. मग प्रवाहाला माणूस हाच सोपा रस्ता वाटतो. पोहणाऱ्याचे हातपाय आखडतात, ओरडताही येत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं माणूस दमून बुडाला. विजेचा धक्का बसून बुडणं याला इंग्रजीत स्वतंत्र नाव आहे, इतकं ते ओळखीचं झालंय. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत मरिनांसाठी ५५५ हे वेगळं कलमच आहे आणि बोटींना किनाऱ्यावरून वीज देणाऱ्या सॉकेटवर ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारं संरक्षण त्यात सांगितलं आहे. जुना तारेचा बल्ब नीट पेटणारही नाही एवढ्या प्रवाहावर ही मर्यादा ठेवली आहे, कारण त्याच्या आसपास माणसाचे स्नायू स्वतःच्या ताब्यात राहत नाहीत.

म्हणून विचारतो, आपल्या धक्क्यावरच्या किती वीजखांबांना असं संरक्षण आहे? शेवटची तपासणी कधी झाली? मला माहीत असलेली एक गोष्ट सांगतो. आमच्या रांगेतल्या मधल्या खांबाचं झाकण दोन हंगामांपूर्वी तडकलं. त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळली आहे. ती उन्हाने सुटली की देखभालवाला मुलगा त्यावर आणखी एक गुंडाळतो. आता तिथे पट्टीचा गोळाच झाला आहे. त्या खांबाला चार बोटी दिवसरात्र जोडलेल्या असतात, चारही पाण्यात, लिफ्टवर एकही नाही. उलट माझ्या लिफ्टचा ब्लोअर धक्क्यावर, कमरेच्या उंचीच्या पेटीत आहे. पाण्यात जाते ती फक्त हवेची नळी. बोट वर घेतली की मी प्लग काढून ठेवतो. आठवड्याला फार तर पंधरा-वीस मिनिटं वीज लागते. काही जणांनी तर सौर पॅनेल आणि बॅटरीवर चालणाऱ्या मोटरी बसवल्या आहेत, त्यांना खांबाची गरजच नाही. धोका कमी करायचा असेल तर आधी खांबांपासून सुरुवात करावी लागेल. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं चाललंय हे.

आणि लिफ्ट काढल्यावर काय होईल? आज लिफ्टवर कोरड्या उभ्या असलेल्या आठ पाँटून पुन्हा पाण्यात येतील, त्यांचे चार्जर खांबांना लागतील, म्हणजे त्याच तारेने आणखी आठ बोटी एकमेकींना बांधल्या जातील. आणि पाण्यात उभ्या बोटीत वायर सोलली गेली तर गळती थेट पाण्यात.

भाराचा मुद्दा. याचं मूळ कुठे आहे ते आपण सगळे जाणतो, फक्त सूचनेत लिहिलेलं नाही. गेल्या वादळात टोकाच्या स्लिपमधली लिफ्ट एका कोपऱ्याने खाली बसली, बोट तिरकी होऊन धक्क्यावर आपटली, दोन खांब वाकले. मी दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे होतो. ती लिफ्ट माझ्यासारखी तरंगती नव्हती. चार खांब, वर कप्प्या, आणि पोलादी दोरांवर टांगलेली चौकट. तुटलेल्या दोराचं टोक मी हातात घेऊन पाहिलं. बाहेरून चांगला दिसणारा दोर कप्पीवर ज्या जागी वाकतो त्या जागी आतल्या तारा तपकिरी होऊन पीठ झाल्या होत्या. त्याच्या जोडीला बोटीवरचं आच्छादन मधोमध झोळीसारखं खाली आलेलं. साडेसहा मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद बोटीवर सरासरी एक सेंटिमीटर पाणी साठलं तरी दीडशे किलोच्या वर वजन होतं. तिथे तर वीतभर खोल डबकं झालं असणार. मालक सहा आठवडे फिरकले नव्हते.

यात लिफ्टचा दोष किती आणि न बदललेल्या दोराचा किती, हे ठरवायला मोठा अभियंता लागणार नाही. दर वर्षी दोर तपासले असते, खराब ते बदलले असते, आच्छादनाखाली आधाराच्या दांड्या लावल्या असत्या, तर त्या रात्री काहीच घडलं नसतं. मुळात अशी तपासणी तुमच्याकडून कधी झालीच नाही. सहा हंगामांत माझी लिफ्ट बघायला समितीचं माणूस एकदाही आलेलं नाही.

तरंगत्या लिफ्टचं वजन धक्क्यावर येतच नाही, ते पाणी उचलतं. धक्क्याचे बोल्ट तिला फक्त जागेवर धरतात. वाऱ्याचा आडवा दाब येतो, हे खरं. पाँटूनच्या बाजू सपाट आणि उंच असतात, वर कापडी छत उघडं असेल तर शिडच ते, आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट तर दाब चौपट. लिफ्टवर बोट थोडी जास्त उघडी पडते, तेही मान्य. पण पाण्यातल्या बोटीला काय वारा लागत नाही? ती दोरांना झटके देते. सैल होते, ताणते, सैल होते, ताणते. धक्क्यावरच्या खुंट्या उपटल्या गेल्या आहेत त्या अशाच. मागच्या वादळात वाकलेले खांब दोन, उखडलेल्या खुंट्या किती? मी सात मोजल्या. त्यांच्याबद्दल सूचनेत एक शब्द नाही.

तुमच्या कार्यालयातल्या गृहस्थांनी मला समजुतीच्या सुरात सांगितलं, “साहेब, बुडाला चांगला रंग मारून घ्या की, सगळे मारतात.” त्यांचा हेतू चांगला होता. पण शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून मारतात त्या बऱ्याचशा रंगांमध्ये तांबं असतं, आणि तांब्याचा रंग ॲल्युमिनियमवर मारणं म्हणजे वर सांगितलेली बॅटरी घराच्या भिंतीवर फासणं. ॲल्युमिनियमसाठी वेगळे रंग मिळतात, पण तेही दर काही हंगामांनी खरवडून पुन्हा मारावे लागतात, आणि खरवडलेलं शेवटी कुठे जातं? लिफ्टवरच्या बोटीला रंगच लागत नाही. पाण्यात आठवडाभर राहिली की नळीवर बुळबुळीत थर येतो, महिन्या-दोन महिन्यांत दाढी. लिफ्टवर ती सुकते आणि फडक्याने निघते.

शिंपल्यांवरून आठवलं. झेब्रा शिंपला हा मूळचा काळा समुद्र आणि कास्पियन समुद्राकडचा प्राणी. १९८८ मध्ये तो उत्तर अमेरिकेत सेंट क्लेअर सरोवरात सापडला आणि पुढे शेकडो तळ्यांत पसरला, पुष्कळदा बोटींच्या बुडाला चिकटून. त्याची पिल्लं डोळ्यांना दिसतही नाहीत. तुम्ही सांगताय की सगळ्यांनी एकाच मुदतीत लिफ्ट काढाव्यात. त्या जाणार कुठे? विकल्या जातील, दुसऱ्या तळ्यात जातील, टाक्यांच्या आत आणि चौकटीच्या सांध्यांत जे काही चिकटलं आहे ते घेऊन. मिनेसोटात नियम आहे : धक्का किंवा लिफ्ट एका पाण्यातून काढून दुसऱ्या पाण्यात टाकायची तर आधी २१ दिवस कोरडी ठेवावी लागते. आपल्या सूचनेत धुण्याचा किंवा सुकवण्याचा उल्लेखही नाही. हे मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही. कुणाच्या डोक्यातच आलं नसेल. पण डोक्यात यावं म्हणूनच तर आधी चार जणांना विचारायचं असतं.

विचारलं मात्र कुणालाच नाही. सूचना लागली ती हंगाम संपल्यावर, बोटी आच्छादनाखाली गेल्यावर, जेव्हा फाटकातून दिवसाला चार माणसं जातात तेव्हा. माझ्या बाजूच्या स्लिपमधल्या काकांना ती माझ्याकडूनच कळली.

त्यांचं आणि माझ्या आईचं सांगतो, मग मागण्यांकडे वळतो. काकांचा एक पाय गुडघ्याखाली नाही. आईचं वय ब्याऐंशी, दोन्ही गुडघे धातूचे. पाण्यात बांधलेल्या बोटीवर चढायचं म्हणजे पाय टाकताच ती धक्क्यापासून सरकते, आणि मधल्या फटीत पाणी दिसतं. ती फट पाहिली की आई परत फिरायची. लिफ्ट आल्यावर डेक धक्क्याच्या पातळीला आणून ठेवतो, ब्लोअर बंद करतो, आणि मग ती चढते. थोडंफार हलतं, पण फट वाढत नाही. ती बसली, की बाकीच्यांना धक्क्यावरच थांबवून बोट खाली घेतो. खरं तर लिफ्ट हलत असताना बोटीवर कुणीच नसावं असं निर्माते सांगतात, आणि ते बरोबरच आहे. मी हा अपवाद करतो, त्याबद्दल तुम्ही मला रागवा, नियम करा, मी दुसरा उपाय शोधीन. पण उपाय शोधायला बोट धक्क्याशी स्थिर हवी.

आम्हा लिफ्टवाल्यांच्या चुका नाहीत असं नाही. माझीच एक सांगतो. पहिल्या वर्षी मी पट्ट्यांना वाळवीप्रतिबंधक रसायन मुरवलेलं लाकूड वापरलं आणि वर गालिचा ठोकला, नळीला मऊ लागावं म्हणून. त्या रसायनात तांबं असतं आणि ओला गालिचा सुकत नाही. दोन महिन्यांत नळीवर जिथे पट्टी टेकते तिथे पांढरे डाग. गालिचा फाडला, पट्ट्यांवर प्लास्टिकचं आवरण चढवलं, डाग थांबले. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मरिनाने लिफ्टबद्दल एक पानभर माहिती जरी लावली असती तर माझ्यासारखे दहा जण वाचले असते. काही जण लिफ्टची क्षमता बघताना बोटीचं कारखान्यातलं वजन धरतात आणि इंजिन, इंधन, सामान विसरतात. काहींच्या लिफ्ट स्लिपच्या मानाने रुंद आहेत, शेजाऱ्याला आत येताना घासतात. अशांना काढायला सांगा, मी तुमच्या बाजूने उभा राहीन.

मागणं एवढंच आहे.

सरसकट बंदीची सूचना मागे घ्या, निदान खुली बैठक होईपर्यंत तरी स्थगित ठेवा. बैठक हंगामात घ्या, आणि तारीख पंधरा दिवस आधी प्रत्येक स्लिपधारकाला कळवा. फलकावरचा कागद पुरेसा नाही.

ज्यांच्या लिफ्टला लेखी मंजुरी आहे त्यांची मंजुरी एका शिक्क्याने रद्द करू नका. करायचीच असेल तर प्रत्येकाला कारण लेखी द्या.

लिफ्टची वर्षातून एकदा तपासणी सक्तीची करा, खर्च आमच्याकडून घ्या. पोलादी दोर, कप्प्या, बोल्ट, टाक्या, झडपा, सगळं. प्रत्येक लिफ्टवर तिची क्षमता आणि बोटीचं भरलेलं वजन लिहिलेली पाटी असावी. जी नापास होईल ती दुरुस्त होईपर्यंत रिकामी ठेवायला लावा.

वादळाच्या इशाऱ्यानंतर काय करायचं ते लिहून द्या. छत गुंडाळणं, आच्छादनाला आधार, बोट किती उंचीवर, जादा दोर कुठे. मालक येऊ शकत नसेल तर कुणाचा हात लागेल तेही.

धक्क्यावरच्या प्रत्येक वीजखांबाला गळतीवर वीज तोडणारं संरक्षण बसवा, ते परवानाधारक विद्युत अभियंत्याकडून दर वर्षी तपासून घ्या आणि तपासणीचा कागद त्याच फाटकाजवळच्या फलकावर लावा. किनाऱ्याची वीज घेणाऱ्या प्रत्येक बोटीला गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बंधनकारक करा, मग ती लिफ्टवर असो की पाण्यात. आणि धक्क्यांच्या मधल्या पाण्यात पोहायला मनाई असल्याची मोठी पाटी लावा. पोरं अजूनही उड्या मारतात.

जी लिफ्ट इथून बाहेर जाईल ती धुऊन, सुकवून, तपासूनच जाईल अशी अट घाला.

यातलं तपासणीचं काम उभं करायला समितीला माणसं कमी पडत असतील तर आमच्या रांगेतले आम्ही सहा जण दोन शनिवार द्यायला तयार आहोत. नावं कार्यालयात देऊन ठेवली आहेत. पाण्यात राहून माशाशी वैर करायची आम्हाला हौस नाही. तुमच्याच पाण्यात अजून बरीच वर्षं बोट ठेवायची आहे.

उत्तर लेखी यावं आणि त्यावर सही असावी, एवढी विनंती.

आपला,
मधल्या रांगेतला एक पाँटूनवाला

ता. क. : हे लिहून झाल्यावर काल संध्याकाळी धक्क्यावर गेलो होतो. मधल्या खांबावरची चिकटपट्टी पुन्हा सुटली आहे, एक टोक वाऱ्यावर फडफडतंय. चार बोटी अजून जोडलेल्याच आहेत. बाकीच्या पत्राला उत्तर द्यायला वेळ लागला तरी चालेल, तेवढा खांब आज बंद करा.